गरम हाताची पाच रोपं

उरायच्या बागेत लावलेलं रोप मेलं, असं त्या कालव्यावर कुणी कधी ऐकलं नव्हतं. तिनं वाळकी काठी खोचली तरी पालवी फुटते, असं बायका म्हणायच्या, आणि उराय ते हसून ऐकून घ्यायची, खोडून काढायची नाही. मेखलोंग नदीच्या मुखाजवळच्या त्या नारळीच्या गावांत माणसाचा हात आधी बघतात. गार हाताची बाई असेल तर मिरचीचं, विड्याच्या वेलाचं, ऑर्किडचं पहिलं रोप तिच्याकडून लावून घेतात. गरम हाताची असेल तर तिला कुणी झाडाला पाणीसुद्धा घालू देत नाहीत. हा गुण जन्माचा, तो बदलत नाही, असं सगळेच धरून चालतात.

उरायचा हात गार. तिची एकुलती एक मुलगी पिकुन, तिचा मात्र गरम निघाला. ती नऊ वर्षांची असतानाच हे गावाला कळलं होतं.

आता उराय पंचाहत्तर वर्षांची होती आणि पिकुन त्रेपन्न. पिकुननं तीस वर्षं बँकॉकच्या एका हॉटेलात चादरींना इस्त्री केली होती. साथीच्या वर्षी हॉटेलानं धुलाईघर बंद केलं, तेव्हा दोन बॅगा आणि एक टेबलफॅन घेऊन ती घरी आली. तेव्हापासून ती स्वयंपाक करायची, माडाच्या नीरेचा गूळ आटवायची, झाडलोट करायची. बागेत गेलीच तर पायवाटेवरूनच चालायची, दोन्ही हात पाठीशी धरून. तिला तसं आता कुणी सांगत नव्हतं. लहानपणीची सवय तेवढी राहिली होती.

गांजावरची बंदी उठून तेव्हा सात-आठ महिने झाले होते. फोनवर नोंद केली की घराघराला रोपं लावता येत होती, आणि ज्यांनी आयुष्यात कोथिंबीर पेरली नव्हती त्यांच्याही दारात कुंड्या दिसू लागल्या होत्या. उरायला गांजाचं नवल नव्हतं. बंदी यायच्या आधी तिची आई कोंबडीच्या रश्शात दोन पानं टाकायची, आणि त्या दिवशी आजोबा भात दुसऱ्यांदा मागायचे. मग एके वर्षी फर्मान निघालं, अंगणातली झाडं उपटली गेली, आणि तो रस्सा घरात पुन्हा कधी झाला नाही. उरायला तो वास मात्र अजून आठवायचा. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हे नवे हौशी लोक माती नको म्हणायचे. त्यांना नारळाच्या सोडणाचा भुसा हवा असायचा, आणि तो उरायच्या आवारात पन्नास वर्षं तयार होत होता. चरात सोडणं भिजवायची, यंत्रात कुटायची, वाळवून पोत्यांत भरायची. नवरा प्रयून गेल्यापासून धंदा जेमतेम चालला होता. आता अधूनमधून पोतं नेणाऱ्या गावातल्या बायकाही दारात येऊन पोती मागू लागल्या.

जानेवारीत एका सकाळी पुतण्या कम्रोन जेवायला आला होता. त्याच्या मनात बागेत बांबूच्या खोल्या बांधून शनिवार-रविवारच्या पर्यटकांना द्यायचं होतं. एप्रिलात सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला सगळी चुलतभावंडं जमली की बाग कुणाच्या हाती द्यायची ते सांगेन, असं उरायनं कबूल केलं होतं.

"पिकुनताई, तुम्ही काळजी करू नका," कम्रोन माशाचे काटे काढता काढता म्हणाला. "तुमच्या हातचा गूळ खायला पाहुणे नावा भरून येतील. बाग माझ्याकडे, चूल तुमच्याकडे."

पिकुननं भाताचं भांडं खाली ठेवलं. "आई, बाग मला हवी आहे."

उरायला वाटलं, ही थट्टा करते आहे. पण तिचा चेहरा तसा नव्हता.

"तुला?" उराय म्हणाली. "तू बागेत काय करणार?"

"लावणार. जगवणार." पिकुननं कमरेच्या पिशवीतून एक चपटी डबी काढली. आत सहा बिया होत्या, मिऱ्याएवढ्या, वाघासारख्या पट्ट्यांच्या. "ही गांजाची ऑटो जात आहे. सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत तयार होते, म्हणजे सोंगक्रानच्या आत. मी पाच रोपं लावते. तुझ्याच भुशात, तुझ्याच डोळ्यांसमोर. ती आली तर बाग माझी. नाही आली तर कम्रोनला दे, मी एका शब्दानं बोलणार नाही. बँकॉकला परत जाईन."

"अगं, मिरची लाव. हे कसलं खूळ?"

"मिरची नको," पिकुन पटकन म्हणाली.

कम्रोन हसला. "घ्या काकी, मान्य करा. हरणाऱ्या घोड्याविरुद्ध पैज लावायला मला काही हरकत नाही."

उरायनं मान्य केलं. खरं सांगायचं तर तिनं ते मुलीची दया येऊन केलं. एकदा रोपं मेली की हिच्या डोक्यातलं जाईल, आणि चुलतभावंडांत कटकट न होता बाग मार्गी लागेल, असा तिचा हिशेब. आणि सहावी बी तिनं स्वतःसाठी मागून घेतली. "गार हात म्हणजे काय ते बघ एकदा," असंही म्हणाली. पिकुननं ती आईच्या तळहातावर ठेवली.

बिया ओल्या कागदात दोन दिवसांत मोडावल्या. पिकुननं पाच कापडी पिशव्यांत भुसा भरला आणि करंगळीच्या टोकानं खड्डा करून एकेक बी सोडली. उराय व्हरांड्यातून बघत होती. बी सोडल्यावर पिकुननं हात झटकन मागे घेतला, विस्तवाजवळून घ्यावा तसा.

उरायनं आपली बी परसात, पावसाच्या पाण्याच्या रांजणांमागे, त्याच पोत्यातल्या भुशात लावली.

चौथ्या दिवशी पाचही कोंब वर आले. पिकुननं ते दोनदा मोजले. दोन गुळगुळीत पानं, मग दोन दातेरी पानं, इथवर सगळं सुरळीत झालं.

आणि तिथंच थांबलं.

दहाव्या दिवशी रोपं होती तेवढीच होती. चौदाव्या दिवशीही तेवढीच. अंगठ्याच्या पेराएवढी उंची, पानं गडद हिरवी आणि खाली वळलेली, टोकं उदबत्तीनं चटका दिल्यासारखी तपकिरी. पिकुन पहाटे पिशव्या उन्हात ठेवायची, दुपारी सावलीत ओढायची, संध्याकाळी पुन्हा बाहेर. कुणीतरी फोनवर सांगितलं खत कमी पडतंय, म्हणून तिनं खताचं पाणी घातलं. दुसऱ्या कुणी म्हटलं खत जास्त झालंय, म्हणून बंद केलं. रोपांना त्याचं काही वाटलं नाही.

बाजूच्या धक्क्यावर नावेतून शेवया विकणारी लमाय रोज सकाळी मान लांब करून बघायची. तीस वर्षं शेजारी राहणारी, त्यामुळे जिभेला हाड नाही.

"काय गं पिकुन, ही रोपं आहेत की रोपांचे फोटो? परवा होती तशीच आहेत."

"वाढतील, मावशी."

"वाढतील वाढतील. माझ्या नातवाला दात यायच्या आत वाढव म्हणजे झालं." मग उरायकडे वळून, "उरायताई, माझी टोमॅटोचीसुद्धा अशीच खुंटलीत यंदा. माझा हात कधीपासून गरम झाला म्हणायचा?"

"वयानं होतो," उराय म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्या दुपारी पिकुन आईपाशी येऊन बसली. "आई, पैज राहू दे बाजूला. मला सांग, मी कुठे चुकतेय?"

उरायनं रोपं पाहिली, भुशात बोट घातलं. भुसा ओला होता. तिनं मनापासून सल्ला दिला, त्यात कपट नव्हतं. "तू पाण्यात बुडवतेस त्यांना. पाणी तोड. रोपाला तहान लागू दे, मग मूळ खाली शोधत जातं. चार दिवसांतून एकदा, तेही वाटीभर. आम्ही सगळं आयुष्य असंच केलं."

पिकुननं तसंच केलं. रोपांच्या पानांची टोकं आणखी जळली.

उराय एक गोष्ट कुणाला सांगत नव्हती. रांजणांमागचं तिचं रोपही अंगठ्याएवढंच होतं.

पहिल्यांदा तिला ते लक्षात आलं तेव्हा वाटलं, आपण दिवस मोजण्यात चुकलो. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून पुन्हा मोजले. मग वाटलं, बी पिकुनच्या हातातून आली, त्या गरम हाताची धग लागली असेल. तिनं धूप लावला. पिशवी रांजणांच्या थंडाव्यातून उचलून फणसाखाली ठेवली, आपल्या पद्धतीनं तहानेलं ठेवलं, वाटीभर पावसाचं पाणी दिलं. रोज सकाळी पिकुन गुळाची भट्टी पेटवायला गेली की ती परसात जायची आणि वाकून बघायची. सत्तर वर्षांत या हातानं लावलेलं काही असं अडून बसलं नव्हतं. म्हातारपणी गार हात गरम होतो का, हे कुणाला विचारावं तेही तिला कळेना. लमायला गमतीनं दिलेलं उत्तर तिला स्वतःलाच लागू पडलं होतं.

ती रोपासमोर एक जुनी टोपली उपडी घालून ठेवू लागली, पिकुनला दिसू नये म्हणून.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी तिनं टोपली बाजूला केली आणि तिला आधी वाटलं, कोळ्यानं जाळं विणलंय. चार बोटं उंचीचं ते रोप, आणि त्याच्या वरच्या पेरांत दोन दोन पांढरे केस फुटले होते. तिनं चष्मा पुसून पाहिलं. जाळं नव्हतं ते. रोप फुलावर आलं होतं.

ती तशीच पुढच्या अंगणात आली. पिकुन पाच पिशव्यांसमोर उकिडवी बसली होती. तिथंही तेच. पाच ठेंगणी रोपं, आणि पाचांवर पांढरे केस.

"हे काय?" उरायच्या तोंडून निघालं. "अजून वाढायचीत ना ही?"

"नाही वाढणार आता," पिकुन म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "ऑटो जात अशीच असते. दुसरी झाडं ऋतू बघतात, थांबतात. ही दिवस मोजते. महिना झाला की फुलायचं. उंची चार बोटं असो नाहीतर चार हात. मागे राहिलेलं हिला भरून काढता येत नाही."

"मग झालं हे?"

"झालं. प्रत्येकाला वाटाण्याएवढं फूल येईल आणि मरतील." ती उठली, साडेतीन आठवडे वाकून वाकून आखडलेली कंबर दाबली. "कम्रोनला सांग. सोंगक्रानपर्यंत थांबायची गरज नाही. मी सामान बांधते."

उराय परसात परतली. तिला राग आला होता, पण कुणाचा ते समजत नव्हतं. तिनं नारळाच्या करवंटीचा डवला रांजणात बुडवला आणि आपल्या रोपावर ओतला. पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला. वाटीभराचा नियम गेला खड्ड्यात. पाच डवले, दहा डवले. पिशवीच्या तळातून चहाच्या रंगाचं पाणी निघून सिमेंटवर पसरलं. मग ती दमून आत गेली आणि आडवी झाली.

दुपारी ती बाहेर आली, तेव्हा फेब्रुवारीअखेरच्या उन्हानं पाणी आटून गेलं होतं. सिमेंटवर पाण्याचा जो नकाशा होता, त्याच्या काठानं पांढरी रेघ उठली होती. बारीक, खरखरीत, उन्हात चमकणारी.

उराय जागच्या जागी उभी राहिली.

तिचं माहेर मिठागराचं. समुद्राच्या बाजूला, इथून दोन तासांच्या नावेवर. सात वर्षांची असल्यापासून तिनं वाफ्यांच्या काठाशी अशी रेघ धरताना पाहिली होती. पहिली रेघ दिसली की बाप हाक मारायचा, आणि सगळी भावंडं लाकडी फावडी घेऊन धावायची. जगात दुसरी कुठली खूण ती विसरली असती, ही विसरली नसती. ती हळूच खाली बसली, रेघेवर बोट फिरवलं, जिभेला लावलं.

मीठ.

तिनं फणसाच्या बुंध्याला हात टेकला. पाणी पावसाचं होतं, रांजणातलं. मग मीठ भुशातलं. तिच्या भुशातलं. ती स्वतः सगळं मातीत लावायची, भुसा फक्त विकायला.

पन्नास वर्षांचं सगळं तिच्यासमोर उलगडत गेलं, आणि ते थांबवता येईना. प्रयून सोडणं भिजवायचा ती फक्त पावसाळा सरताना, भिक्खूंना चीवरं द्यायच्या महिन्यात, जेव्हा नदीचं वरचं गोडं पाणी कालव्यात भरून असायचं. कालव्याचं पाणी चरात घ्यायची फळी उघडण्याआधी तो त्या पाण्यात बोट बुडवून चाटायचा. रोज. ती चिडवायची, "काय, मीठ-मसाला बरोबर आहे का?" तो काही बोलायचा नाही. बोलणारा माणूसच नव्हता तो. उन्हाळ्यात समुद्र कालव्यात चढतो, हे तिला काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. कपडे धुताना साबणाला फेस येत नाही म्हणून तेव्हा ती रांजणाचं पाणी घ्यायची. पण सोडणांचा आणि पाण्याचा संबंध तिनं कधी लावला नव्हता. पाणी त्याच्याकडे होतं, हात तिचा होता. तो गेला, आणि आठ वर्षं ती जेव्हा सोडणं येतील तेव्हा भिजवत राहिली. हल्ली मागणी वाढली म्हणून तर वर्षभर, भर उन्हाळ्यातसुद्धा. सोडणं ते मचूळ पाणी पिऊन घेत राहिली आणि ती पोती भरत राहिली. नाखोन पाथोमचा, नेमानं भुसा नेणारा ऑर्किडवाला तीन वर्षांपूर्वी न सांगता तुटला, तेव्हा तिला वाटलं होतं, त्याला स्वस्त मिळालं असेल.

आणि मग आठवलं ते दुसरंच वर्ष. ज्या वर्षी प्रयूनची आई वारली आणि तो रिवाजाप्रमाणे तीन महिने देवळात भिक्खू होऊन राहिला. पाऊसही कमी झालेला. सोडणं पडून होती, म्हणून फेब्रुवारीत चराची फळी उरायनं स्वतःच उघडली होती. पिकुन नऊ वर्षांची. तिनं त्या भुशानं करवंट्या भरल्या, देवळाच्या जत्रेत विकायला मिरचीची रोपं लावली. अठरा. दोन आठवड्यांत अठराही टोकांकडून जळून गेली. धक्क्यावर दहाबारा बाया बसलेल्या, पोर करवंट्या दाखवायला घेऊन आलेली. आणि उराय हसत हसत म्हणाली होती, "ही माझ्यावर नाही गेली हो. पोरीचा हात गरम आहे. गरम हाताला चूलच बरी."

सगळ्या हसल्या होत्या. पिकुनही हसली होती, हे उरायला स्वच्छ आठवलं. हसली होती आणि करवंट्या घेऊन परत गेली होती.

उराय किती वेळ तिथं बसून होती, तिला कळलं नाही. एक विचार मात्र स्पष्ट आला, आणि तो आला याचीच तिला पुढे लाज वाटत राहिली. रोप कालव्यात टाकून द्यावं. रेघेवर पाणी ओतावं. सहावी बी मोडावली नाही म्हणून सांगावं. पिकुन उद्या जाईल, बाग कम्रोनची होईल, आणि पन्नास वर्षांचं नाव तसंच राहील. कुणाला काही कळायचं नाही.

ती डवला घेऊन उठलीसुद्धा.

घरातून चेन ओढल्याचा आवाज आला. पिकुन बॅग बंद करत होती.

उरायनं डवला ठेवला, पिशवी उचलली आणि ती आत घेऊन गेली. पिकुनच्या अंथरुणाशेजारी, स्वच्छ फरशीवर, ती ओली पिशवी तिनं ठेवून दिली.

"हे माझं," ती म्हणाली.

पिकुननं रोपाकडे पाहिलं, मग आईकडे.

"तुझ्याइतकंच आहे. पहिल्यापासून. मी लपवून ठेवलं होतं." उराय बॅगेवरच बसली. "भुसा खारा आहे, पोरी. माझा भुसा. मी चाखून पाहिला."

मग तिनं सगळं सांगितलं. चर, फळी, प्रयूनचं बोट. मिरच्यांचंही सांगितलं.

पिकुन उठली, उशीखालून एक वस्तू काढून आणली. जाड पेनासारखी, टोकाला दोन खिळे.

"हे पाण्यातलं मीठ मोजायचं मीटर. बियांबरोबर घेतलं होतं. नवव्या दिवशी मी पिशवीतून निघालेलं पाणी मोजलं. रोपाला किती चालतं ते मीटरसोबतच्या कागदावर लिहिलंय, त्याच्या पाचपट आकडा आला."

"नवव्या दिवशी?" उरायला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मीटर बिघडलंय."

"अगं पण…"

"रांजणाचं पाणी मोजलं, तर बरोबर दाखवलं. पुन्हा पिशवीचं मोजलं, पुन्हा पाचपट." पिकुन मीटर बोटांत फिरवत होती. "तेव्हा वाटलं, माझ्या हातात आहे म्हणून बिघडतंय. भुसा तुझा होता ना, आई. तुझा भुसा चुकेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

उरायनं खांद्यावरचा पंचा तोंडावर धरला. मघाशी मीठ चाखताना तिला धक्का बसला होता, पण तो आता काहीच वाटेना. आपण एका पोरीला इतकं शिकवून ठेवलं होतं की तिला खिळ्यांनी मोजलेला आकडाही आपल्या एका थट्टेपुढे खोटा वाटला. त्रेपन्नाव्या वर्षी.

"बाग तुझी," ती पंच्यातूनच म्हणाली. "मी आत्ता कम्रोनला फोन करते."

"बागेचं नंतर बघू." पिकुन फरशीवर पसरलेलं पाणी पुसू लागली. "तू ते धक्क्यावर म्हणाली होतीस. सगळ्यांसमोर."

"हो."

"मग तिथंच जाऊन बोल."

उरायला कळलं ती काय मागते आहे. गावातल्या अर्ध्या घरांत तिची पोती होती.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला देवळात भिक्खूंना अन्न वाढून झालं की बाया लमायच्या नावेपाशी शेवया खायला बसतात, तशा बसल्या होत्या. त्या मिरच्यांच्या दिवसाच्या बायांतल्या तीनच उरल्या होत्या, बाकीच्या सुना आणि लेकी. उराय पायऱ्या उतरली. पिकुन दोन पायऱ्या वर थांबली.

"ताई, वाडगा भरू का?" लमायनं विचारलं.

"नको. मला बोलायचंय." उरायनं कठड्याला धरलं. "पिकुनचा हात गरम नाही. कधीच नव्हता. मी तिला इथंच बसून तसं म्हटलं होतं, ते खोटं होतं. माझा भुसा खारा होता. तेव्हाही, आणि आत्ताही. मी उन्हाळ्याच्या पाण्यात सोडणं भिजवली. तुम्ही माझ्याकडून नेलेली पोती खारी आहेत."

शेवया उचललेल्या काड्या वरच्या वर राहिल्या.

"कधीपासून?" एका सुनेनं विचारलं.

"आठ वर्षं तरी."

"आठ…" ती बाई खाली वाडग्यात बघत राहिली. "माझा हात गरम म्हणून सासू सहा वर्षं मला बोल लावतेय, काही लावू देत नाही. आणि तुम्ही समोर राहता, मावशी."

उरायनं मान खाली घातली आणि ऐकून घेतलं.

"म्हणजे माझे टोमॅटो," लमाय हळूच म्हणाली. "आणि मी ते तुला विचारलं होतं, उरायताई. तू म्हणालीस, वयानं होतो. आपण हसलो."

"म्हणाले होते."

लमायनं कढईखालचा जाळ कमी केला. नंतर ती उरायकडे बघेचना. तिनं मान उंच करून पायऱ्यांवर पाहिलं, आणि हळूहळू बाकीच्याही वळल्या.

"पिकुन, तिथं काय खांबासारखी उभी आहेस? माझ्याकडे सहा पोती पडलीत. फेकायची का?"

पिकुननं सवयीनं आईकडे पाहिलं. उराय कालव्याकडे तोंड करून उभी होती.

"फेकू नका, मावशी," पिकुन म्हणाली, आणि खाली उतरून तिच्या नावेच्या काठाशी बसली. "पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, पिळायचा, ते पाणी टाकून द्यायचं. तीन वेळा. मग थोडं चुन्यासारखं एक खत मिळतं, ते पाण्यात कालवून पुन्हा एक रात्र ठेवायचा. आणि वाळू द्यायचा नाही, वाळला की उरलंसुरलं मीठ मुळांना जास्त जाळतं. माझ्याकडे मीटर आहे. प्रत्येकीच्या घरी येऊन मोजून देते."

"आज येतेस?"

"आज येते. आधी कुणाकडे?"

तीन-चार जणी एकदम बोलल्या. पिकुननं हात वर केला आणि त्यांना एकेक करून बोलायला सांगितलं.